मूल बाल न्याय मंडळापुढे गेले तर : न्हावा शेवा परिसरातील कुटुंबांसाठी व धर्मग्रामांसाठी माहिती

अठरा वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप आला तर कायद्याच्या भाषेत तो 'आरोपी' नसतो, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो. त्याला 'अटक' होत नाही, 'ताब्यात' घेतले जाते. त्याच्यावर 'खटला' चालत नाही, 'चौकशी' होते. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये ही शब्दयोजना जाणीवपूर्वक केलेली आहे. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात मूलभूत तत्त्वे सांगितली आहेत. मुलाच्या संगोपनाची व संरक्षणाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची, हे त्यांपैकी एक. आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, हे दुसरे. कायदा मुलाला सावरण्याचे काम मुख्यतः आईवडिलांवर सोपवितो. त्या आईवडिलांना कोणी सावरायचे, याविषयी मात्र तो फारसे बोलत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी मुलांच्या बाबतीत कार्यपद्धती बाल न्याय अधिनियमाचीच आहे.

न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातील दोन गावे. २६ मे १९८९ रोजी येथील बंदर सुरू झाले आणि गावांची नावे जगभरच्या कंटेनरांवरील कागदपत्रांत जाऊन बसली. त्यापूर्वी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराला पाच जण बळी पडले होते. शेतकरी, आगरी व कोळी कुटुंबांची शेती, मिठागरे व मासेमारी मागे पडली. बंदराने रोजगार दिला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो बहुतांशी कंत्राटी आणि पाळ्यांचा आहे. कंटेनर यार्ड, गोदामे व ट्रेलरचे तळ यांभोवती भाड्याच्या खोल्यांची वस्ती वाढली. तेथे राज्याच्या आणि देशाच्या दूरच्या भागांतून आलेली कुटुंबे राहतात. वडील रात्रपाळीला, आई घरकामाला किंवा गोदामात आणि शाळा सुटलेला मुलगा ट्रेलरवर मदतनीस, ही घडण येथे अपरिचित नाही. अशा घरातील मुलाला पोलिसांनी नेले तर ती बातमी आईवडिलांना कित्येकदा शेजाऱ्यांकडून कळते.

येथील कुटुंबांची पहिली अडचण भूगोलाची आहे. नवी मुंबईचे पोलीस आयुक्तालय एकच असले तरी शहर दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. पनवेल, उरण व न्हावा शेवा रायगड जिल्ह्यात. घटना ज्या हद्दीत घडली, तेथील बाल न्याय मंडळापुढे मुलाला नेले जाते. रायगड जिल्ह्याचे निरीक्षणगृह कर्जतला आहे, ठाणे जिल्ह्याचे भिवंडीला. अटल सेतूवरून शिवडीला उतरलेला मुलगा मुंबईत सापडला तर त्याची रवानगी डोंगरीच्या निरीक्षणगृहात होऊ शकते. म्हणून घाबरलेल्या आईवडिलांनी सर्वप्रथम विचारावयाचा प्रश्न 'काय केले?' हा नसून 'कोणते पोलीस ठाणे?' हा आहे. मंडळाची बैठक शक्यतो निरीक्षणगृहाच्या आवारात किंवा त्याच्या जवळ होते. उरणहून कर्जत सुमारे ६० किलोमीटर. जानेवारी २०२४ मध्ये उरणला लोकल पोहोचली खरी, पण तिने कर्जत गाठायचे तर नेरूळ आणि ठाणे असा वळसा पडतो. नाहीतर पनवेलमार्गे एस. टी. एका तारखेला एक दिवस जातो, आणि रोजंदारीच्या घरात एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी.

मुलाला ताब्यात घेतल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, मंडळापुढे हजर करणे बंधनकारक आहे. कोणत्याही परिस्थितीत त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांसाठी नेमलेला बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो. पालकांनी त्यालाच भेटावे, आपले नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा आणि मुलाला कोठे व केव्हा नेणार हे विचारून घ्यावे. मुलाला बेड्या घालता येत नाहीत. पालकांना कळविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, मेहरबानी नव्हे. तरीही पोलीस ठाण्यात आवाज चढवून काही साधत नाही. सोबत एखादा शांत, लिहिता-वाचता येणारा माणूस असला की अर्धे काम होते. धर्मग्रामाने पुरवावयाचे पहिले साह्य कदाचित हेच असेल.

वकिलासाठी कर्ज काढण्याची घाई करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे प्रत्येक बालकाला मोफत कायदेशीर साह्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. रायगड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागला आहे आणि देशभरासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. मुलाला आणि पालकांना कार्यवाहीच्या प्रत्येक टप्प्यावर समजून-उमजून सहभागी होता यावे, ही मंडळाची जबाबदारी आहे. प्रश्न विचारण्याचा अधिकार पालकांना आहे. न समजलेल्या कागदावर सही करण्याची सक्ती नाही.

आता जामिनाविषयी, कारण गैरसमज सर्वांत अधिक येथेच आहेत. बाराव्या कलमानुसार गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणे हाच नियम आहे. जामीनदारासह किंवा त्याशिवाय, अथवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याला सोडता येते. मुलगा ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे मानण्यास सबळ कारण असेल तरच मंडळ नकार देऊ शकते आणि ती कारणे लेखी नोंदवावी लागतात. याचा व्यवहारातील अर्थ असा, की मंडळ त्या दिवशी मुलाकडे जितके पाहते तितकेच त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहते. आई आली आहे का? वडील शुद्धीत आहेत का? मुलगा कोणत्या घरी जाणार, त्याला सकाळी कोण उठवणार? मागे कोणीच उभे नसेल तर सोडण्याचा आदेश द्यायचा कोणाच्या हवाली? भीती, लाज किंवा बुडणारी मजुरी यांपायी पालक आले नाहीत, तर किरकोळ आरोप असलेला मुलगाही निरीक्षणगृहात राहू शकतो. जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते. ही तरतूद फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

पैसा असलेले कुटुंब मुलामागे कसे उभे राहते, हे महाराष्ट्राने मे २०२४ मध्ये पुण्यातील मोटार अपघात प्रकरणात पाहिले. दोन तरुण जीव गेल्यावर अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. लोकक्षोभानंतर त्याला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले आणि २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात पुरावा बदलल्याच्या आरोपावरून वडीलधारी मंडळीच अटकेत गेली, हा त्याचा वेगळा आणि विषण्ण भाग. परंतु आपल्या विषयापुरता मुद्दा हा, की न्यायालयाने जो नियम लावला तो ट्रेलरवरील मदतनिसाच्या मुलालाही तितकाच लागू आहे. त्याच्यासाठी तो नियम मागणारा कोणी हवा.

मंडळापुढे येणारा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल. तो दोन आठवड्यांत सादर व्हावा अशी अपेक्षा आहे. घर, शाळा, मित्र, व्यसन, आजार, काम यांची माहिती त्यात असते. अधिकारी घरी आला की पुष्कळ कुटुंबे त्याला पोलीस समजून गप्प बसतात किंवा सर्व आलबेल असल्याचे सांगतात. दोन्ही चुकीचे. वडिलांचे दारूचे व्यसन लपविण्यापेक्षा त्यावर उपचार सुरू झाल्याचे दाखविता आले, मामाच्या घरी मुलाला ठेवण्याची तयारी सांगता आली, शाळेच्या मुख्याध्यापकांचे किंवा धर्मगुरूंचे पत्र देता आले, तर अहवालाला आधार मिळतो. पत्र खरे असावे. मुलाला कधी न पाहिलेल्या व्यक्तीने लिहिलेली स्तुती कोणाच्याच उपयोगाची नसते.

वयाचा पुरावाही प्रारंभीच शोधून ठेवावा. कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे : शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा या क्रमात उल्लेख नाही. त्यामुळे 'चर्चमध्ये नोंद आहे' या भरवशावर राहू नये. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अत्यंत गंभीर स्वरूपाचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते. तेथे काही महिन्यांच्या फरकानेही पुष्कळ काही बदलते. एरवी चौकशी चार महिन्यांत संपावी, फार तर आणखी दोन महिने वाढावी. किरकोळ आरोपाची चौकशी वाढीव मुदतीतही संपली नाही तर ती बंद होते.

मुलगा दोषी आढळला तरी निर्णय बहुधा पुन्हा घराशीच येऊन थांबतो. समज देऊन व पालकांचे समुपदेशन करून घरी सोडणे, सामुदायिक सेवा, पालकांना दंड, पालकांच्या देखरेखीखाली सद्वर्तनाच्या हमीवर ठेवणे, असे पर्याय अठराव्या कलमात आहेत. विशेष गृहात पाठविण्याची कमाल मुदत तीन वर्षांची आहे.

या काळात कुटुंबाचे काय होते, याकडे धर्मग्रामाने डोळसपणे पाहिले पाहिजे. आई मिस्साला येणे सोडते. धाकट्या बहिणीला शाळेत टोमणे ऐकावे लागतात. घरमालक खोली रिकामी करण्याचे सुचवितो. वडील मुलाचे नाव घेणे टाळतात किंवा तो परतल्यावर त्याला मारतात. नातेवाइकांत दोष कोणाचा यावर वाद पेटतो आणि तो बहुधा आईवर येऊन विसावतो. संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे सभासद, महिला मंडळ किंवा वाडीतील प्रार्थना समूह यांना येथे करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बरेचसे अत्यंत साधे आहे : तारखेच्या दिवशी सोबत जाणे, प्रवासखर्च देणे, धाकट्या मुलांना दुपारी जेवू घालणे, निरीक्षणगृहातील भेटीचा दिवस विचारून घेऊन आईला तो चुकू न देणे. मुलाने काय केले हे विचारण्याची गरज नाही. ज्याला इजा झाली त्याचे कुटुंबही कित्येकदा त्याच गावचे, कधी त्याच धर्मग्रामाचे असते. त्यांच्याकडेही जावे, मात्र दोन्ही घरी एकाच माणसाने जाऊ नये आणि तडजोडीचा दबाव तर मुळीच आणू नये.

एका बाबतीत सद्हेतूनेही हानी होते. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणारी माहिती कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरणारे छायाचित्रही यातून सुटत नाही. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत मुलाचे वा त्याच्या आईवडिलांचे नाव घेण्याचा मोहही टाळावा.

तुरुंगातील मुलांची सेवा ख्रिस्तसभेला नवी नाही. तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को १८४१ नंतर संत जोसेफ काफासो यांच्यासह तुरीनच्या तुरुंगांत जाऊ लागले. सुटलेली मुले पुन्हा पुन्हा परत येतात, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नसते, हे त्यांनी तेथे हेरले आणि त्यांचे पुढील कार्य त्या निरीक्षणातून उभे राहिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आज्ञा गुरुवारी रोममधील कासाल देल मार्मो या बालबंदीगृहात बारा मुलामुलींचे पाय धुतले आणि २०२३ साली ते पुन्हा तेथेच गेले. भारतात प्रिझन मिनिस्ट्री इंडियाचे स्वयंसेवक तुरुंगांत कार्य करतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंदिजन व त्यांच्या कुटुंबांसोबत काम करीत आहे. मदतीची वाट न सापडल्यास १०९८ या बालसाह्य क्रमांकावर विचारता येते.

मुलगा घरी आल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत कसोटीचे असतात. शाळा त्याला नाकारू पाहते, जुने मित्र मात्र दारात उभे असतात. शाळेत परत प्रवेश, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एखादा अभ्यासक्रम किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये वयाला साजेसे, नियमित काम यांसाठी कोणी शब्द टाकला तर तो मोलाचा ठरतो. बंदर परिसरात नोकरीला लागताना पोलीस पडताळणीचा प्रश्न येतो आणि येथे कुटुंबे हमखास खचतात. कलम २४ प्रमाणे बाल न्याय मंडळाने दोषी ठरविले म्हणून कोणतीही अपात्रता येत नाही. प्रौढ म्हणून बाल न्यायालयात चाललेली प्रकरणे तेवढी वेगळी. दोषसिद्धीची कागदपत्रे अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षेपर्यंत जपून ठेवून नंतर नष्ट करावयाची असतात. प्रकरण निकाली निघाले असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करावयाची नाही, असे कलम ७४ मध्येच म्हटले आहे. दाखल्यावर तरीही जुन्या प्रकरणाचा उल्लेख आला, तर मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत जोडून पोलीस ठाण्याकडे लेखी हरकत घ्यावी आणि तिची पोच घ्यावी. त्यासाठी ती प्रत निकालाच्या दिवशीच मागून घ्यावी आणि घरातील शिधापत्रिकेसोबत ठेवून द्यावी.