सनदी अभियंता (चार्टर्ड इंजिनिअर) : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

अभियांत्रिकीची पदवी विद्यापीठ देते. ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हा किताब मात्र व्यावसायिक संस्था आपल्या सभासदाला देते. ही पद्धत मूळची ब्रिटिश. लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स १८१८ मध्ये स्थापन झाली आणि १८२८ मध्ये तिला राजसनद मिळाली. भारतात हा किताब प्रामुख्याने इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) देते. ही संस्था १९२० मध्ये नोंदली गेली, ९ सप्टेंबर १९३५ रोजी तिला पंचम जॉर्जची सनद मिळाली, आणि तिचे मुख्यालय कोलकात्यात आहे. अर्जदाराला आधी संस्थेचा कॉर्पोरेट सभासद व्हावे लागते. त्यासाठी मान्य शैक्षणिक अर्हता, जबाबदारीच्या कामाचा अनुभव आणि विद्यमान सभासदांची शिफारस लागते; चार्टर्ड प्रमाणपत्रासाठी त्यानंतर वेगळा अर्ज करायचा असतो. हे प्रमाणपत्र स्थापत्य, यंत्र, विद्युत अशा ठरावीक शाखेपुरतेच असते, पण शिक्का पाहणारे सहसा शाखा वाचत नाहीत.

मोठ्या प्रकल्पांनाच असा किताब लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. हिंगोलीपुरता तरी तो उलटा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे, कळमनुरीच्या बाजूला पैनगंगेवरचे इसापूर धरण आहे, आणि औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा मंजूर झालेली आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. अशा कामांत कनिष्ठ अभियंत्याचे काम उपअभियंता तपासतो, त्याचे कार्यकारी अभियंता, संकल्पचित्रांचे कार्यालय वेगळे आणि गुणनियंत्रण वेगळे. तिथे एखाद्याच्या नावापुढे ‘चार्टर्ड’ नसले तरी कागद चार-पाच हातांतून जातोच. वसमत, कळमनुरी किंवा सेनगावात मुख्य रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या तीन मजली इमारतीला, म्हणजे खाली गाळे आणि वर राहण्याची जागा अशा बांधकामाला, ही साखळी नसते. नगरपरिषद किंवा नगरपंचायत नकाशात सामासिक अंतर आणि चटईक्षेत्र पाहते. स्तंभातले लोखंड पुरेसे आहे की नाही, याची भिस्त सही करणाऱ्या एकट्या माणसावर असते. म्हणून सनदेची खरी गरज लहान कामांना आहे, आणि कायदा सगळ्यात सैल आहे तो नेमका तिथेच.

सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. अभियंत्यांसाठी तसा एकही नाही. मसुदे मात्र झाले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे बोलीभाषेतल्या रेराने, ‘अभियंता’ या शब्दाची व्याख्या केली आहे, आणि तीत मान्य संस्थेची पदवी किंवा तत्सम अर्हता पुरेशी ठरते. विकासकाने बँकेतून पैसे काढायचे तर कामाच्या प्रगतीवर अशा अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंतच्या सदनिका असतील, तर रेराची नोंदणीच नको, आणि जिल्ह्यातील छोट्या शहरांतली बरीचशी खासगी बांधकामे त्याच मापाची. याउलट विदेश व्यापार धोरणात निर्यातदाराने आयातशुल्काच्या सवलतीत यंत्र आणले, तर ते कारखान्यात बसवले गेल्याचे प्रमाणपत्र स्वतंत्र चार्टर्ड इंजिनिअरकडून घेता येते. म्हणजे वसमतच्या एखाद्या हळद प्रक्रिया उद्योगाने परदेशी यंत्र आणले, तर त्या यंत्रासाठी सनद ओळखली जाते. यंत्राशेजारच्या रहिवासी इमारतीच्या बाबतीत तिचा आग्रह नाही. सरकारला शुल्काची काळजी आहे, हे समजण्यासारखे आहे.

हा प्रश्न कागदी राहिलेला नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात काही वर्षे जमिनीतून आवाज येत होते. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. मोठी हानी झाली नाही. एवढ्या धक्क्याने नीट बांधलेली इमारत पडत नाही, पण त्यावरून ती नीट बांधलेली आहे हे सिद्धही होत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. गुजरातने २००६ मध्ये व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप पाहिला. तिथे मुख्यतः दगडमातीची घरे पडली. त्यानंतर आरसीसी म्हणजेच सुरक्षित असा समज पक्का झाला. जोडाकडच्या सळ्यांभोवतीची कडी चुकीची वाकवली, तर आरसीसीही भूकंपात दगा देते.

यावर पहिला आक्षेप असा, की सनद म्हणजे आणखी एक शिक्का, फी भरली की मिळणारा. तो बराचसा खरा आहे. भारतीय चार्टर्ड प्रमाणपत्र प्रामुख्याने मागचा अनुभव सांगते. आजची जाण तपासत नाही. ब्रिटनमध्ये अर्जदाराने केलेल्या कामाचा अहवाल आणि समव्यावसायिकांपुढची मुलाखत, या दोन्हींतून जावे लागते. तसा कडक मार्ग भारतीय संस्थेकडेही आहे: आंतरराष्ट्रीय व्यावसायिक अभियंता करारानुसार पदवीनंतर सात वर्षांचा अनुभव, त्यात दोन वर्षे महत्त्वाच्या कामाची थेट जबाबदारी आणि पुढेही चालू राहणारे शिक्षण अपेक्षित असते. तेव्हा दोष सनदेच्या कल्पनेचा नसून तिच्या सौम्य रूपाचा आहे. शिवाय सौम्य सनदेलाही एक अर्थ उरतो: सभासदाविरुद्ध तक्रार नेता येईल अशी एक संस्था आणि एक आचारसंहिता असते. नुसत्या पदवीधराच्या बाबतीत तेही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सनद सक्तीची केली तर तालुक्याच्या ठिकाणी सही करायला माणूसच मिळणार नाही, पदविकाधारकांचा धंदा बुडेल आणि लोक परवानगीशिवाय बांधतील. हिंगोलीच्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडणाऱ्या मुलाला शिफारस करू शकेल असा ओळखीचा सभासद शोधणेही सोपे नाही. संस्थेचे राज्य केंद्र मुंबईत आहे. पण सनद ही एकच पायरी असावी असे कुठे आहे? ब्रिटिश नोंदवहीत तंत्रज्ञ, इनकॉर्पोरेटेड आणि चार्टर्ड असे तीन स्तर आहेत, आणि तंत्रज्ञाचा स्तर हलका मानला जात नाही; त्याचे काम वेगळे धरले जाते. एकमजली घर पदविकाधारकाने करावे, तीन मजल्यांपासून पुढे संरचनेची सही सनदी माणसाची असावी, आणि त्या सहीखाली शाखा व नोंदणी क्रमांक वाचता येईल असा असावा. तालुक्यात असा माणूस नसेल तर तो नांदेडहून किंवा परभणीहून येईल. सोनोग्राफीसाठी लोक तिकडे जातातच.