एच. आय. व्ही. चाचणी, संमती आणि भाषा : मारेगाव परिसरातील कोलाम तरुणांच्या संदर्भात

रोगाचा इतिहास लिहिताना तो कोठे आढळला, किती जणांस झाला आणि त्यावर कोणते उपाय योजले गेले, एवढ्याचीच नोंद करण्याचा प्रघात आहे. तो रोग लोकांस कोणत्या शब्दांत सांगितला गेला, ह्याची नोंद सहसा होत नाही. एच. आय. व्ही. च्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण ह्या विषाणूची चाचणी रक्ताइतकीच संमतीची बाब आहे, आणि संमती भाषेवाचून संभवत नाही. चाचणीच्या इतिहासाचे ह्या दृष्टीने अवलोकन करून, यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव परिसरातील कोलाम तरुणांच्या बाबतीत त्यावरून काय निष्पन्न होते, हे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे.

भारतात हा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे उघडकीस आला. हे कार्य सेल्लप्पन निर्मला व त्यांच्या मार्गदर्शिका सुनीती सॉलोमन यांचे. सॉलोमन ह्या मद्रासमधील गायतोंडे ह्या मराठी कुटुंबातील होत. तपासलेले रक्त देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते. प्रारंभीच्या ह्या काळात चाचणीकडे बाधितांस हुडकून वेगळे काढण्याचे साधन म्हणून पाहिले गेले. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा ह्या तरुणाने रक्तदान केले असता त्याच्या नकळत ही चाचणी झाली, आणि १९८९ मध्ये सार्वजनिक आरोग्यविषयक कायद्यान्वये त्यास ६४ दिवस स्थानबद्ध करण्यात आले. आपल्या रक्तात काय आढळले हे त्याला सांगण्यापूर्वीच शासनयंत्रणेस ते ठाऊक झाले होते.

पुढील दोन दशकांत ही दृष्टी क्रमाक्रमाने पालटली. बाधित व्यक्ती काम करण्यास समर्थ असेल तर केवळ संसर्गाच्या कारणावरून तिला नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. ऐच्छिक चाचणी केंद्रांची कल्पना ह्याच सुमारास रुजू लागली. २००६ पासून त्यांना एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांचे रूप आले. मध्यंतरी २००४ मध्ये शासनाने विषाणूविरोधी औषधे मोफत देण्यास आरंभ केला होता. तोवर चाचणीचा निष्कर्ष गरिबाच्या दृष्टीने केवळ शिक्षा होता. आता तो उपचाराचा आरंभ ठरू शकत होता. २०१७ चा एच. आय. व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आला. त्यातील सुजाण संमतीच्या व्याख्येनुसार आवश्यक ती माहिती संबंधित व्यक्तीस समजेल अशा भाषेत व अशा रीतीने द्यावी लागते. अशा प्रकारे भाषा हा चाचणीच्या वैधतेचाच एक घटक झाला.

परंतु मराठीतील रूढ शब्दसंपत्ती ह्या कामी कितपत उपयोगी पडते, हे तपासून पाहण्यासारखे आहे. ‘गुप्तरोग’ ह्या शब्दातच लपविण्याची आज्ञा सामावलेली आहे. ‘समुपदेशन’ हा संस्कृतोद्भव शब्द ऐकणाऱ्यास त्यातील ‘उपदेश’ तेवढा ऐकू येतो, आणि उपदेश ऐकण्यास तरुण मन सहसा राजी नसते. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द इतरत्र शुभसूचक, येथे मात्र त्याचा अर्थ नेमका उलट होतो.

मारेगाव परिसरात ही अडचण दुणावते. येथील पोडांतून राहणाऱ्या कोलामांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा असून, मरी एमेनो यांनी १९५५ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सुमारे १ लाख २८ हजार नोंदले गेले. कोलाम तरुण मराठी जाणतो, हे खरे. पण द्वैभाषिकाच्या दोन भाषा सर्व व्यवहारांत समान चालत नाहीत. बाजार, शाळा व कचेरी यांची भाषा एक असते. देह, लाज व भीती यांची दुसरी. त्याला जी मराठी येते ती पहिल्या प्रकारची, आणि केंद्रातील प्रश्न असतात दुसऱ्या प्रकारचे.

कोणतीही जमात जन्मतः धोक्यात नसते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. धोका परिस्थितीतून उद्भवतो. एका बाजूस वणीच्या कोळसाखाणी, दुसऱ्या बाजूस पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, आणि मजुरीसाठी घर सोडणारा तरुण, अशी ही परिस्थिती आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींस चाचणीसाठी पालकांची संमती लागते. म्हणजे जी गोष्ट घरी बोलता येत नाही, ती प्रथम घरीच बोलावी लागते.

अमेरिकेतही स्पॅनिशभाषक स्थलांतरितांच्या मुलांसंबंधी असाच अनुभव आहे. तेथे पत्रकांच्या भाषांतरापेक्षा वस्तीतीलच आरोग्यसेविकांचा मार्ग अधिक जवळचा ठरला. आपल्याकडे २००७ नंतर ग्रामीण भागासाठी योजलेल्या ‘लिंक वर्कर’ योजनेमागेही हेच तत्त्व होते.

तात्पर्य, कायद्याने घातलेली भाषेची अट शब्दशः घेतली पाहिजे. पोडातील स्त्रीपुरुषांशी बोलून, त्यांच्याच तोंडचे शब्द निश्चित करून, ते कोलामी जाणणाऱ्या समुपदेशकाच्या हाती देणे हे आरोग्य विभागाइतकेच भाषाभ्यासकांचे कर्तव्य आहे. तोपर्यंत संमतिपत्रावर सही किंवा अंगठा उमटेल. परंतु डिसोझाच्या बाबतीत जे १९८९ मध्ये घडले, त्याचाच सौम्य प्रकार तेथे घडत असेल : रक्त घेतले जाईल आणि ते कशासाठी, हे देणाऱ्यास उमगलेले नसेल.