पुतळ्यांची माळ

थोरल्या मुलीचे लग्न ठरले आणि आमच्या न्यू जर्सीच्या घरी, लॉकरमधून आजीची पुतळ्यांची माळ बाहेर आली. मुली दोन, माळ एक. "आटवून दोन नवे नेकलेस करू," हा व्यवहारी सल्ला माझाच. पण इथल्या सराफाने भिंगातून पाहिले आणि म्हणाला, "ताई, यातल्या आठ पुतळ्या व्हेनिसच्या आहेत. आटवू नका."

मी थक्क झाले. मग वाचू लागले.

व्हेनिसने 1284 साली 'डुकाट' हे नाणे पाडले. साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोने. त्यावर उभा संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, मध्ये निशाणाची काठी. मिरी-मसाल्याच्या व्यापारातून हे नाणे आपल्या किनाऱ्यावर आले. त्यावरच्या मानवी आकृत्यांमुळे त्याला 'पुतळी' म्हणू लागले. कुणाला त्या आकृत्यांत राम-सीताही दिसली! सोनारांनी डाख देऊन कडी जोडली आणि नाणे गळ्यात आले. 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडवले, तरी पुतळी उरली. आपले सोनार ठशावर पत्रा ठोकून तशाच चकत्या घडवत राहिले. परदेशातून आलेली पुतळी अशी पुरती मराठी झाली.

आजीच्या माळेत मूळ चाळीस पुतळ्या होत्या, आज सव्वीस आहेत. उरलेल्या चौदांचा हिशेब आईला तोंडपाठ होता : वडिलांच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी सहा, आत्याच्या लग्नात चार, आणि 1989 साली माझ्या अमेरिकेच्या तिकिटासाठी चार. मोडलेल्या प्रत्येक पुतळीच्या जागी आजीने लाल रेशमाची एक गाठ मारून ठेवली होती. लहानपणी मला ती नक्षी वाटायची.

मग आटवण्याचा विषय संपला. पुण्याला गेले तेव्हा पटवेकऱ्याकडून दोन माळा गाठवून घेतल्या. प्रत्येकीत तेरा पुतळ्या, त्यांतल्या चार व्हेनिसच्या. आणि सात-सात लाल गाठी. पटवेकरी म्हणाला, "गाठींच्या जागी सोन्याचे मणी घालू का? भरगच्च दिसेल." मी नको म्हटले.

लग्नाच्या दिवशी थोरलीने माळ घातली. धाकटीने तिच्या गळ्यातल्या गाठी मोजल्या आणि विचारले, "आई, यातली तुझ्या तिकिटाची कुठली?"

वाचकहो, तुमच्याही लॉकरमध्ये असा एखादा दागिना असेल. आटवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचा हिशेब जरूर विचारा.