खिळ्यांवाचून तारू

आमच्या जालना जिल्ह्याला समुद्र नाही. पण समुद्राशी त्याचे नाते जुने आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी निकटचे साम्य दाखविते. भोकरदनच्या उत्तरेस अजिंठा आहे. तेथील पाचव्या शतकातील भित्तिचित्रात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे.

त्या काळी आपल्या किनाऱ्यावरील तारवे शिवलेली असत. फळ्या कडेला कड भिडवून त्यांना ओळीने भोके पाडीत, काथ्याच्या दोरीने आवळीत आणि सांधे राळेने बुजवीत.

आपल्या धर्मेतिहासालाही अशाच एका तारवाचा स्पर्श झाला आहे. १३२१ साली ठाण्यास थॉमस, जेम्स, पीटर व देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले. त्यानंतर धन्य ओडोरिक होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांत ठाण्यास पोहोचले. आपल्या जहाजात लोखंड कोठेही आढळले नाही, ते केवळ दोरीने शिवलेले होते, असे त्यांनी नमूद केले आहे. पुढे त्यांनीच त्या हुतात्म्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या.

ही विद्या लोप पावली असे वाटत असतानाच १९६३ साली इंग्लंडमध्ये ती नव्या रूपाने अवतरली. 'मिरर' नावाची प्लायवूडची लहान होडी सामान्य माणसाने घरीच बांधावी, अशी योजना निघाली. तळाचे तक्ते एकमेकांस भिडवायचे, काठाजवळच्या भोकांतून तांब्याची तार ओवून पिळायची, मग सांध्यावर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या. दोरीची जागा तारेने घेतली; तत्त्व तेच राहिले.

गोव्यात दिवाडी येथे केरळच्या कारागिरांनी अजिंठ्याच्या चित्रावरून 'कौंडिण्य' हे जहाज शिवले. २१ मे २०२५ रोजी ते नौदलात दाखल झाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले.

ठाण्याच्या हुतात्म्यांची नावे आपण भक्तिभावाने घेतो. ज्याने ओडोरिकांच्या तारवाचा तळ शिवला, त्याचे नाव मात्र कोठेही नाही. एक टाका सैल राहिला असता, तर ती साक्ष समुद्रातच बुडाली असती. सुतार योसेफाच्या लेकरांनी एवढे स्मरण ठेवावयास हवे.