डेव्हिड लो यांची हुकूमशहांवरील व्यंगचित्रे

सर डेव्हिड लो (१८९१–१९६३) हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश व्यंगचित्रकार होते. १९२७ ते १९५० या काळात ते लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या सायंदैनिकात चित्रे काढीत. हिटलर, मुसोलिनी व स्टालिन यांच्यावरील त्यांची चित्रे राजकीय उपहासाचा उत्कृष्ट नमुना मानली जातात. वृत्तपत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक हे जर्मनीशी जुळवून घ्यावे या मताचे होते. मात्र स्वतःच्या मताप्रमाणे चित्र काढण्याची मुभा लो यांनी करारातच मिळवून ठेवली होती.

उपहासाची पद्धत

हुकूमशहाला रक्तपिपासू राक्षस म्हणून रंगविले तर तो सुखावतो, कारण लोकांनी आपल्याला भ्यावे हेच त्याला हवे असते. तो मूर्ख आहे ही समजूत पसरणे मात्र त्याला परवडत नाही, असे लो यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांचा हिटलर अक्राळविक्राळ नसून कपाळावर बट आलेला, आढ्यतेने मिरवणारा एक क्षुद्र माणूस आहे. जर्मन सैन्य ऱ्हाईनलँडमध्ये शिरल्यानंतर, जुलै १९३६ मधील एका चित्रात तो लोकशाही राष्ट्रांच्या नेत्यांच्या वाकलेल्या पाठींवरून, नाकाला अंगठा लावून वाकुल्या दाखवीत पुढे चालला आहे. या चित्रातील खरा प्रहार हिटलरवर नसून त्या कणाहीन पाठींवर आहे.

हॅलिफॅक्स प्रकरण

नोव्हेंबर १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीस गेले असता लो यांच्या चित्रांबद्दल नाझी नेत्यांनी त्यांच्याकडे तक्रार केली. परतल्यावर हॅलिफॅक्स यांनी लो यांची भेट घेऊन, शांततेच्या प्रयत्नांत या चित्रांमुळे अडथळा येतो, असे सांगितले. लो यांनी काही काळ हात आखडता घेतला. हिटलर व मुसोलिनी यांच्याऐवजी दोघांच्या मिश्रणातून त्यांनी 'मझ्लर' हे पात्र निर्माण केले. या नावात दोन्ही नावांचे ध्वनी आहेतच, शिवाय 'मुसके बांधणारा' असा अर्थही आहे. म्हणजे तडजोड करतानाही चिमटा सुटला नाही. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर लो यांनी हे बंधन झुगारले. ब्रिटन जिंकल्यावर अटक करावयाच्या व्यक्तींची जी यादी नाझींनी तयार केली होती, तीत लो यांचे नाव होते.

राँदेव्हू

२० सप्टेंबर १९३९ रोजी प्रसिद्ध झालेले हे त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र. ऑगस्टमधील जर्मन-सोव्हिएत करारानंतर दोन्ही देशांनी पोलंडवर दोन बाजूंनी आक्रमण केले होते. चित्रात हिटलर आणि स्टालिन टोपी काढून, कमरेत लवून एकमेकांना अभिवादन करीत आहेत. मुखातून निघतात त्या पूर्वीच्याच शिव्या, पण शिष्टाचाराच्या सुरात. दोघांच्या मध्ये जमिनीवर एक प्रेत पडले आहे. नमस्कारातील अदब जितकी काटेकोर, तितके ते प्रेत अधिक बोलते. लो यांच्या चित्रांनी युद्ध टळले नाही, हे खरे. परंतु त्या कराराचे ढोंग इतक्या थोड्या रेषांत क्वचितच कोणी मांडले असेल.

भारताशी संबंध

बाळ ठाकरे व आर. के. लक्ष्मण हे दोघेही लो यांच्या शैलीचे चाहते होते. म्हैसूर येथील बालपणी लक्ष्मण 'द हिंदू'मध्ये येणारी लो यांची चित्रे आवडीने पाहत. त्यांखालील 'लो' ही सही मात्र ते कित्येक दिवस 'काऊ' अशी वाचीत असत.