गाठींचे नगर

आमच्या हिंगोलीचा दसरा शतकाहून जुना. रामलीला मैदानावर मांडव पडले, की लोक रोषणाई पाहतात. माझी नजर दोरीच्या गाठींवर जाते. बांबूला खिळा ठोकला, की तो उलतो. काथ्याने आवळला, तर गाठ सोडून पुढच्या जत्रेत पुन्हा उभा करता येतो. मांडव घालतानाच तो मोडायचा कसा, हे ठरवावे लागते!

या गावठी शहाणपणाला राष्ट्रीय मान मिळाला तो खानदेशात. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. महात्माजींनी शांतिनिकेतनाहून चित्रकार नंदलाल बोस यांना पाचारण केले. आग्रह एवढाच, की शोभा गावाकडच्याच साहित्याची असावी. शहरी झगमगाट नको. बांबू-गवतातून टिळकनगर उभे राहिले आणि अधिवेशन आटोपताच उठले.

औंढ्याच्या नागनाथाचे काळे पाषाण आपला काळ सांगायला उभे आहेत. टिळकनगराची साक्ष द्यायला उरली ती छायाचित्रे आणि आठवणी. नंदबाबूंचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच. पण त्या गाठी आवळणाऱ्या हातांची नावे कुणी टिपून ठेवली?