कचऱ्याच्या डब्यावरची गोलकीपर

सेकंड इयरला ईव्हीएसची फाईल तुम्हीही केली असेल. मीही केली होती. विषय मुठा नदीचं प्रदूषण. फोटो नेटवरचे, निष्कर्ष सीनियरच्या फाईलमधले, वर स्पायरल बाइंडिंग आणि सरांची सही. आमच्या घरापासून नदी चालत दहा मिनिटांवर आहे, पण मी तिकडे फिरकलेही नव्हते. हा विषय देशभर सक्तीचा होण्याची सुरुवात एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी दिलेल्या निकालातून झाली. न्यायालयाने पर्यावरण वर्गात आणलं. फाईल मात्र आपण शोधून काढली.

पुढे मास्टर्ससाठी अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या बोल्डरला गेले आणि विद्यापीठाच्या एन्व्हायर्नमेंटल सेंटरमध्ये इंटर्न म्हणून लागले, तेव्हाही डोक्यात फाईलच होती. हातात आले हातमोजे. फुटबॉलच्या मोसमातल्या शनिवारी फोल्सम फील्ड या स्टेडियममध्ये डब्यांजवळ उभं राहायचं. बाटली रीसायकलिंगमध्ये, कागदी प्लेट कंपोस्टमध्ये. चुकीच्या डब्यात काही पडायच्या आत अडवायचं, म्हणून आमचं नाव गोली, म्हणजे गोलकीपर. स्टेडियमची क्षमता सुमारे 50 हजार. मॅच संपली की पिशव्या पुन्हा हाताने निवडायच्या.

व्हिडिओ कॉलवर आईने हातमोजे पाहिले. "अगं, एवढं कर्ज काढून तिकडे कचरा वेचायला गेलीस?"

"आई, इंटर्नशिप आहे ती. तासाचे पैसे मिळतात."

"बाबांना सांगू नकोस."

मला हसू आलं आणि थोडा रागही. हे काम इथे इतकं प्रतिष्ठेचं कसं झालं, हे त्या रागातूनच शोधायला लागले.

सेंटर 1970 चं. आदल्या वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ तेलविहीर फुटली होती. ते पाहून विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांना कल्पना सुचली: व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थी कॅम्पसवर जशा 'टीच-इन' सभा भरवतात, तशा पर्यावरणासाठी का नकोत? तारीख ठरली 22 एप्रिल 1970. वसंताची सुट्टी संपलेली आणि परीक्षा सुरू व्हायची, म्हणजे पोरं कॅम्पसवर सापडतील! कामाची धुरा डेनिस हेज या 25 वर्षांच्या विद्यार्थ्याकडे होती. त्या दिवशी सुमारे 2 कोटी लोक उतरले असं सांगतात. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी मांडव उतरला. बोल्डरच्या विद्यार्थ्यांनी मात्र कायमचं सेंटर काढलं.

महत्त्वाची गोष्ट अशी, की हे सेंटर विद्यार्थी सरकारच्या अखत्यारीत राहिलं आणि त्याच्या खर्चात विद्यार्थ्यांच्या फीचा मोठा वाटा राहिला. त्यामुळे इंटर्नचं खरं शिक्षण डब्याजवळ होत नाही, मतपेटीजवळ होतं. 1976 मध्ये कॅम्पसवर रीसायकलिंग सुरू झालं. 1991 मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःची फी वाढवून घ्यायला मत दिलं आणि त्यातून सगळ्यांना बसपास मिळाला. 2000 मध्ये पुन्हा मतदान झालं आणि फीच्या पैशातून पवनऊर्जा घ्यायचं ठरलं. फी वाढवा म्हणून प्रचार करणारी पोरं! आपल्याकडे फीवाढीविरुद्धचे मोर्चे पाहिलेल्या मला हे पचायला वेळ लागला. (आपले मोर्चे चुकीचे होते असं नाही. तिथे पैसा कुठे जाणार हे देणाराच ठरवत होता.) 2008 मध्ये स्टेडियमची 'झीरो वेस्ट' मोहीम सुरू झाली. नावावर जाऊ नका, 90 टक्के कचरा डंपिंगपासून वाचला तरी तो शब्द चालतो.

2008 या आकड्यावर मी अडखळले. त्याच वर्षी पुण्यात महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेला दिलं. आणि त्या गोष्टीचं मूळही एका विद्यापीठातच सापडतं, तेही आमच्या घराजवळ, कर्वे रोडवर. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण 1990 च्या सुमारास कचरावेचक बायकांमध्ये काम करू लागल्या. अनेकींची कुटुंबं 1972 च्या दुष्काळानंतर शहरात आलेली, बहुतेक जणी दलित. बायकांना अक्षरांआधी हवं होतं ते कोरडं, न चिवडता मिळणारं भंगार आणि चोर म्हणून पोलिसांनी हटकू नये अशी ओळख. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. नंतर महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं आली.

दोन्हीकडे विद्यापीठ, दोन्हीकडे कचरा, दोन्हीकडे हाताने निवडणं. माझ्या सीव्हीवर त्या शनिवारांची एक ओळ झाली आणि मुलाखतीत तिच्यावरच जास्त प्रश्न आले. इकडे तेच काम पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या अंगाला चिकटवलेलं. आईचं "बाबांना सांगू नकोस" तिथून आलं होतं. खरं सांगायचं तर मीही फोटो टाकताना हातमोजे काढूनच काढला होता.

सुट्टीला घरी आले तेव्हा सकाळी डबा घेऊन मीच खाली गेले. आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी झाकण उघडलं आणि ओल्या कचऱ्यातला ज्यूसचा खोका उचलून बाजूला टाकला.

"ताई, आतून प्लास्टिक असतं त्याला."

गोली चुकली होती. मी ओशाळून त्यांना स्टेडियमचं सगळं सांगितलं: डबे, पिशव्या, 50 हजार माणसं.

"आणि भंगार कुणाला मिळायचं?"

"विद्यापीठाला."

"मग तुम्हाला?"

"तासाचे पैसे."

"कचरा कमी आला तरी तेवढेच?"

"तेवढेच."

त्यांनी मान हलवली, डबा ढकलगाडीत रिकामा केला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घरी सांगा, तुमचे मागच्या महिन्याचे राहिलेत."